उजवीकडचं टिंब

सावद्याच्या स्टँडमागे, केळीच्या वखारीला लागून
माझं दुकान. एक टेबल, एक कूलर,
पाटीवर 'मराठी-इंग्रजी टायपिंग, गणितासह'.
'गणितासह' नंतर लिहून घेतलं, वेगळ्या रंगात.

पडद्याच्या डाव्या अर्ध्यात साधी अक्षरं,
खताच्या पावतीवर असतात तशी, सगळी एका उंचीची.
उजव्या अर्ध्यात, ती छापल्यावर काय होणार ते.
गावात कुणाच्या खिशात डॉलर नाही,
माझ्या या एका फाईलीत नऊशे बारा.
एक डॉलर टाकला की आत गणित,
दुसरा टाकला की परत मराठी:
म्हणून, परंतु, हे सिद्ध करायचे होते.

डावीकडे अपूर्णांक आडवा असतो,
मे महिन्यात गच्चीवर बाज टाकून पडल्यासारखा:
फ्रॅक, महिरपीत अंश, महिरपीत छेद.
मी बोट उचलते
आणि उजवीकडे तो उठून उभा राहतो,
मधली रेघ सांभाळत.
तीन वर्षं झाली, अजून थांबून बघते.

वायकोळे सर बघत नाहीत.
दुपारी दोनला येतात, डोक्यावर ओला पंचा.
"मले तो उजवा भाग नको दाखवू, हमिदा,
तो तयार माल. डावं वाचू दे.
तिथं कसं, फळ्यापुढे मी बोलायचो तसंच लिहेल आहे:
बेरीज. कुठून? एन बरोबर एक. कुठपर्यंत? अनंत."
चष्मा कपाळावर ढकलून पडद्याला नाक लावतात
आणि तेराव्या ओळीतली चूक काढतात,
जी उजवीकडे इतकी देखणी उमटली होती
की मला चूक वाटलीच नाही.

पुस्तक दोघांचं.
वायकोळे आणि डालचंद फिरके,
एकाच स्टाफरूमची दोन टोकं,
एकतीस वर्षं अनंत श्रेढींवरून भांडलेली.
सहावं प्रकरण फिरके सरांच्या हातचं:
हिरवी शाई, समासात घडांचा हिशोब.
शेवटी एक मोठा कंस उघडतो, तीन ओळी उंच,
दोन पदं येतात, अधिकचं चिन्ह येतं,
पुढची पानं कोरी.

मी होतं तसं उतरवलं.
लेफ्ट लिहिलं, कंस लिहिला, राइट नव्हतंच.
उजवा अर्धा लाल झाला.
त्या कंसाखालचं काहीच उमटेना,
सातवं प्रकरण, आठवं, ऋणनिर्देश,
सरांनी स्वतः लिहिलेलंसुद्धा.

"बंद करून टाकू?"
"कुठं करशील? त्याले कुठं करायचा होता
ते मलेच माहीत नाई."
कूलर कोरडा घरघरायला लागला.
बाहेर घड मोजणारा 'चौऱ्याऐंशी' म्हणून
बिडी पेटवायला थांबला.

मग मी त्यांना ते दाखवलं
जे पालच्या घरी, रेंज यावी म्हणून
पाण्याच्या टाकीवर बसून वाचताना सापडलं होतं:
राइट, आणि त्यापुढे नुसतं टिंब.
कंस काढायचा नाही.
एवढंच कळवायचं की इथं दुसरी बाजू आहे,
न दिसणारी, डावीच्याच उंचीची.

टाकलं. लाल गेलं.
पानं एकामागून एक उमटत गेली
आणि एकशे अठ्ठावीसवर कंस तसाच, उघडा.

सर पहिल्यांदा उजवीकडे वाकले.
काचेवर बोट ठेवलं.
"इथं आहे?"
"आहे, सर."
"काईच नाई दिसत."
"थोडी जागा घेतं. केसाएवढी."
बोट तिथंच ठेवून म्हणाले,
"वर 'फिरके'ची वेलांटी दीर्घ केलीस."
मी ती ऱ्हस्व केली.

पानाला पस्तीस रुपये माझा भाव.
एकशे अठ्ठावीस अर्धंच भरलं होतं,
मी अर्धेच लावले होते.
सरांनी पूर्ण दिले, सुट्टे मोजून,
आणि सायकलला टेकवलेली छत्री विसरून गेले.